मोबाईलचा नाद, डोक्याचा ताण आणि साबुदाण्याच्या गोळ्या



गेल्या वर्षभरात विहारात, लग्नाच्या मांडवात, जलदानविधीच्या कार्यक्रमात, जिथे म्हणून आमच्या माता-भगिनी भेटतात तिथे एकच तक्रार कानावर येते. "पोरगं रात्रभर मोबाईलात डोकं खुपसून बसतं. जेवायला हाक मारली तर अंगावर धावून येतं. कामावर खाडे करतं. काही विचारलं की दार लावून घेतं." एक काळ असा होता की हेच शब्द दारूबद्दल ऐकू यायचे. आता ते ज्याने दारूला कधी स्पर्श केलेला नाही, जो चार बुके शिकलेला आहे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरून शिस्तीने चालतो, अशा गुणी मुलाबद्दल ऐकू येतात. आणि तक्रार सांगून झाली की पाठोपाठ दुसरा प्रश्न हमखास येतो. "दादा, होमिओपॅथीच्या गोळ्या चालू करू का? त्याचा साइड इफेक्ट नसतो म्हणतात."

हा प्रश्न विचारणारी माउली चार घरची धुणीभांडी करून आलेली असते. तिच्या कनवटीचे पाचशे रुपये कुठे खर्च व्हावेत, हा आमच्या मते लहान प्रश्न नाही. सबब आजच्या सदरात या दोन्ही गोष्टींचा आम्ही एकत्रच विचार करणार आहोत.

प्रथम नादाविषयी. आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगम या त्या वेळच्या सरकारी कंपनीमार्फत. तेव्हा आमच्या वस्त्यांत साधा टेलिफोनही दुर्मीळ होता. पुढे शहरात जागोजागी सायबर कॅफे निघाले. तासाचे पैसे मोजून मुले परीक्षेचा निकाल पाहायला, फॉर्म भरायला जात. पैसे संपले की खुर्ची सोडावी लागे. गरिबीचा तेवढा एक फायदा होता म्हणा! पण ५ सप्टेंबर २०१६ पासून जिओ आले, सुरुवातीचे काही महिने तर फुकटच, आणि ज्या एका जीबीला पूर्वी दोन-अडीचशे रुपये पडत ती कटिंग चहाच्या भावात मिळू लागली. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, शाळा-कॉलेज मोबाईलवर भरू लागले. कित्येक आयांनी गळ्यातले मोडून, बचत गटाचे कर्ज काढून मुलांना मोबाईल घेऊन दिले, ते शिक्षणासाठी. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने रील्स आणल्या. लॉकडाऊन उठला, शाळा उघडल्या, पण हातातला मोबाईल काही खाली आला नाही.

या नादाचे मर्म काय, हे आमच्या जुन्या पिढीला समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. त्यांनी मटका पाहिलेला आहे. १९६२ साली मुंबईत कल्याणजी भगत याने मटका सुरू केला आणि पाहता पाहता गिरणगावापासून मराठवाड्यातल्या बाजारपेठेपर्यंत कामगारांचे पगार त्यात गेले. माणूस मटक्याला का चिकटतो? रोज आकडा लागतो म्हणून नव्हे. कधीतरी लागतो म्हणून! रोज लागला असता तर त्यात गंमत राहिली नसती, कधीच लागला नसता तर लोकांनी नाद सोडला असता. रीलचेही तसेच आहे. चार फालतू निघतात, पाचवी मजेची निघते. पुढची कशी असेल हे माहीत नसते, म्हणून अंगठा वर सरकतच राहतो. शिवाय मटक्याला निदान ओपन-क्लोजची वेळ होती, हा धंदा चोवीस तास उघडा. पाहणाऱ्याचा जितका वेळ जातो तितक्या जाहिराती दिसतात आणि तितके पैसे कंपनीला मिळतात. समोर हजारो हुशार इंजिनियर पगार घेऊन बसलेले आहेत, आणि इकडे रात्रपाळी करून आलेला आमचा बावीस वर्षांचा पोरगा एकटा आहे. तेव्हा 'त्याच्यात दमच नाही' असे म्हणण्यापूर्वी थोडा विचार व्हावा.

पण एवढ्यावर थांबणे बरोबर होणार नाही. मोबाईल सगळ्यांच्याच हातात आहे, मग काही जणच त्यात बुडतात, ते का?

वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्या काळात आमच्या समाजातील कितीतरी जणांना कारखानदारीत कायम नोकरी लागली. त्यांनी सिडकोत, पंढरपुरात, बजाजनगरात घरे केली, मुले शिकवली. आज त्यांचीच मुले त्याच वाळूजला, शेंद्र्याला, चिकलठाण्याला ठेकेदाराच्या हजेरीवर जातात. बारा तास उभे राहायचे आणि सहा-सात महिन्यांनी ब्रेक. ब्रेक म्हणजे पुन्हा घरी. जो पदवीधर आहे तो एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी यांच्या अभ्यासिकेत बसतो. जाहिरात कधी निघेल, परीक्षा कधी होईल, निकाल कधी लागेल, काहीच त्याच्या हातात नसते. वय मात्र वाढत असते. बहिणीचे लग्न व्हायचे असते. बाप म्हणतो, "आम्ही तुझ्या वयात घर चालवीत होतो." अशा मुलाला मोबाईलमध्ये काय मिळते? तिथे कुणी त्याला 'काय झालं तुझ्या नोकरीचं' असे विचारत नाही. एवढे पुरेसे आहे!

आणि घरोघरी डबे-पार्सल पोहोचवणाऱ्या मुलांचे काय सांगावे? त्यांचे पोटच मोबाईलवर आहे. ऑर्डर मोबाईलवर येते, उशीर झाला की रेटिंग मोबाईलवर घसरते. त्याला 'मोबाईल बंद ठेव' हा उपदेश करणे म्हणजे रिक्षावाल्याला 'रिक्षात बसू नको' असे सांगण्यासारखे आहे.

आमच्या मुलांच्या वाट्याला आणखी एक ताण येतो, त्याचा उल्लेख इतरांच्या लेखांत नसतो, म्हणून आम्ही तो मुद्दाम करतो. जयंतीचे स्टेटस ठेवले, बाबासाहेबांचा फोटो टाकला की खाली जातीवाचक शिव्या. ज्यांच्याबरोबर एका बाकावर बसलो त्यांच्याकडून सुद्धा! मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याच्या रिंगटोनवरून वाद होऊन आमच्या एका विद्यार्थ्याचा खून झाल्याची बातमी सगळ्या देशाने वाचली. मोबाईलमधून आलेला हा विखार मूल घरात बोलून दाखवत नाही. रात्री दोन वाजता एकटेच उत्तरे देत बसते, छाती धडधडते, झोप उडते. आईला वाटते, पोरगं गेम खेळतंय.

अर्थात आम्ही मोबाईलचे शत्रू नाही. याच यंत्रातून बाबासाहेबांचे लेखन-भाषणांचे खंड खेड्यातल्या पोरापर्यंत गेले, भीमगीते गेली, शिष्यवृत्तीचे फॉर्म गेले. अन्यायाची बातमी तासाभरात जिल्हाभर होते, तीही यामुळेच. वस्तू सोडायची नाही, तिचा ताबा सुटू द्यायचा नाही, एवढाच आमचा मुद्दा आहे.

आता, नाद कशाला म्हणावे आणि आजार कशाला? 'इंटरनेटचे व्यसन' हा शब्द १९९५ साली अमेरिकेतील आयव्हन गोल्डबर्ग या मानसोपचारतज्ज्ञाने चक्क थट्टेने काढला होता. पुढच्याच वर्षी किम्बर्ली यंग या विदुषीने तो विषय गंभीरपणे मांडला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये आजारांच्या नव्या यादीला मान्यता दिली, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्या यादीत खेळाच्या, म्हणजे गेमिंगच्या विकाराचा समावेश आहे. नुसते इंटरनेट पाहणे हा वेगळा आजार म्हणून त्यात नाही. खेळाचा विकार ठरवताना तास मोजत नाहीत, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. थांबायचे ठरवूनही थांबता येत नाही. जेवण, झोप, काम, माणसे या सगळ्यांच्या आधी खेळ येतो. आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच राहते, अशी अवस्था सर्वसाधारणपणे वर्षभर टिकली तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. रील्स पाहणाऱ्या मुलाकडेही याच नजरेने पाहावे. जो मुलगा चार तास मोबाईल पाहतो पण वेळेवर कामावर जातो, मित्रांत हसतो-खेळतो, त्याला रोगी ठरवू नये.

बहुतेक वेळा या नादाच्या पोटात दुसरेच काहीतरी दडलेले असते. उदासी असते, धास्ती असते, झोपेचा विकार असतो, कधी कर्ज असते. मोबाईल हा धूर आहे. विस्तव कुठे आहे ते पाहावे लागते.

इथेच साबुदाण्याच्या गोळ्यांचा प्रश्न येतो.

होमिओपॅथी ही जर्मनीतील सॅम्युएल हानेमान (१७५५ ते १८४३) या डॉक्टरांनी काढलेली पद्धत. त्यांच्या काळात रोग्याचे रक्त काढणे, पारा पाजणे असले अघोरी उपचार चालत. त्या मानाने हानेमानचे उपचार सौम्य होते, रोगी निदान उपचाराने तरी मरत नसे. १८१० साली त्यांनी आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या पदार्थाने निरोगी माणसात जी लक्षणे उत्पन्न होतात, तीच लक्षणे असलेला रोग त्या पदार्थाच्या अत्यल्प मात्रेने बरा होतो, असे त्यांचे म्हणणे. आणि मात्रा जितकी कमी तितकी शक्ती जास्त.

आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे, त्यामुळे वैद्यकाची नाही तरी हिशेबाची भाषा आम्हाला बरी कळते. बाटलीवर औषधाच्या नावापुढे '३०' लिहिलेले असते. मुलांच्या ताणासाठी, जागरणासाठी सर्रास दिले जाणारे नक्स व्होमिका, म्हणजे आपला कुचला, घ्या. मूळ अर्काचा एक थेंब, त्यात नव्याण्णव थेंब पाणी किंवा मद्यार्क, आणि हलवायचे. त्यातला एक थेंब घेऊन पुन्हा नव्याण्णव थेंब. असे तीस वेळा. सहाव्या खेपेलाच मूळ औषध लाख कोटीत एक भाग इतके उरते. बाराव्या खेपेनंतर मूळ पदार्थाचा एक कणही बाटलीत असण्याची शक्यता जवळजवळ संपते. तिसाव्या खेपेचे गणित एकावर साठ शून्ये इतके जाते, तेवढी रक्कम लिहायला आमच्या कार्यालयातील कोणत्याही रजिस्टरात रकाना नाही. पुढे तो थेंब साखरेच्या गोळ्यांवर टाकतात. म्हणजे हातात काय येते? साखर! 'साइड इफेक्ट नसतो' हे म्हणूनच खरे आहे. ज्याचा इफेक्टच नाही त्याला साइड कुठून असणार?

हे आमचेच म्हणणे आहे असे नव्हे. ऑस्ट्रेलिया सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ साली ६१ निरनिराळ्या आजारांवरील होमिओपॅथीचे अभ्यास तपासले, आणि ज्यात ती परिणामकारक असल्याचा विश्वसनीय पुरावा आहे असा एकही आजार नाही, असा निष्कर्ष काढला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही २०१७ साली डॉक्टरांना ही औषधे लिहून देऊ नका असे सांगितले. आपल्याकडे मात्र तिला कायद्याची मान्यता आहे, महाविद्यालये आहेत, आयुष मंत्रालयही आहे. मान्यता आहे म्हणजे गुण येतो असे नव्हे. भगवान बुद्धांनी केसमुत्त गावच्या कालामांना हेच सांगितले होते की परंपरेने चालत आले म्हणून, कुणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानू नका, स्वतः तपासून पाहा. देवऋष्याचा अंगारा आपण याच कसोटीवर फेकून दिला. तीच कसोटी बाटलीबंद गोळीला लावायला संकोच कशाचा?

तरीही आमच्या भगिनी तिकडे का जातात, हे समजून घेतले पाहिजे, कारण त्या अडाणी नाहीत. घाटीत सकाळी सातपासून रांग, आणि डॉक्टरांसमोर मिळतात पाच मिनिटे. शिवाय 'मानसोपचार' हा शब्द ऐकला की वस्तीत 'येडा झाला' अशी कुजबुज, मग मुलीची सोयरीक अडते. होमिओपॅथीचे डॉक्टर पहिल्या भेटीत तासभर बसवून घेतात. झोप कशी लागते, स्वप्ने कोणती पडतात, राग कशाचा येतो, लहानपणी काय झाले, सगळे विचारतात. त्या मुलाला जन्मात प्रथमच कुणीतरी तासभर ऐकून घेतलेले असते! त्याला बरे वाटते, ते खोटे नसते. पण ते बरे वाटणे ऐकून घेण्याचे असते, श्रेय मात्र गोळीच्या खात्यावर जमा होते. शिवाय परीक्षा संपली, पुन्हा कामावर घेतले, की ताण आपोआपही उतरतो, तेही गोळीच्याच नावावर.

हे लिहिताना आम्हाला एका गोष्टीची जाणीव आहे. आमच्याच समाजातील कितीतरी मुले-मुली साडेपाच वर्षे घालवून बी.एच.एम.एस. झालेली आहेत. एम.बी.बी.एस.च्या जागा मोजक्या, खाजगी कॉलेजची फी आवाक्याबाहेर, म्हणून जे मिळाले ते त्यांनी जिद्दीने पूर्ण केले. जिथे दुसरा डॉक्टर फिरकत नाही त्या वस्तीत त्यांचाच दवाखाना उघडा असतो. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. त्यांना वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधे देता यावीत की नाही, यावर राज्यात मोठा वाद झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये डॉक्टरांनी एक दिवसाचा संपही केला. त्या वादात आम्ही पडत नाही. (गोळ्यांत जर सगळी शक्ती असेल तर दुसऱ्या औषधांची परवानगी कशासाठी, एवढी शंका तेवढी मनात येते.) या आमच्या डॉक्टर मुला-मुलींना आमची एकच विनंती आहे. मुलगा समोर बसला, तासभर बोलला, आणि त्या बोलण्यात उदासीचा, मरणाचा विषय निघाला, तर त्याच दिवशी त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. तुमचे ते ऐकून घेणे मग खरोखर कुणाचा तरी जीव वाचवील.

अशी विनंती का, ते एका उदाहरणावरून कळेल. कुटुंब आमच्या परिचयाचे आहे, नाव-पत्ता अर्थातच देत नाही. मुलगा तेविसाचा, आयटीआय झालेला, कंपनीत ठेक्यावर. ब्रेक मिळाला आणि पुन्हा बोलावणे आलेच नाही. रात्रभर मोबाईल सुरू झाला. आई त्याला एका होमिओपॅथीच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर स्वभावाने चांगले, पहिल्या महिन्यात मुलगा जरा बोलू लागला. मग दर पंधरा दिवसांना चारशे रुपये, असे नऊ महिने, म्हणजे सात हजार दोनशे रुपये झाले. मुलगा आणखी वाळला. 'गोळ्या आधी रोग वर आणतात, मग बरे करतात,' या समजुतीवर घर थांबून राहिले. प्रत्यक्षात तो मोबाईलवर पैसे लावून रमी खेळत होता. कर्ज देणाऱ्या ॲपवरून चाळीस हजार उचललेले होते आणि वसुलीवाले नातेवाइकांना फोन करून घाण बोलत होते. एका रात्री तो बहिणीला म्हणाला, "ताई, मी नसलो तर तुमचं सगळ्यांचं बरं होईल." ती नर्सिंग शिकणारी मुलगी. तिने सकाळची वाट पाहिली नाही, बापाला उठवले, रिक्षा केली आणि भावाला घाटीत नेले. निदान झाले नैराश्याचे. गोळ्यांचा गुण दिसायला तीन आठवडे लागले. समुपदेशनाला बाप सुद्धा जाऊन बसला. कर्जाचे काय करायचे ते काकांनी अंगावर घेतले. आज तो मुलगा एका वर्कशॉपमध्ये कामाला आहे. मोबाईल अजूनही पाहतो, पण रात्री झोपतो.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केला, मोठ्या कंपन्यांनी ते खेळ बंदही केले. पण आधीची कर्जे बंदीने फिटत नाहीत, आणि चोरवाटा असतातच. मुलगा एकाएकी पैशांसाठी खोटे बोलू लागला, घरातली वस्तू विकू लागला, अनोळखी फोन येऊ लागले, तर आधी याची चौकशी करा. ॲपवाल्यांच्या धमक्या, फसवणूक यासाठी १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर आहे.

मग या नादावर उपाय काय? खास या नादावरची अशी गोळी अद्याप कोणत्याच पॅथीत निघालेली नाही, हे स्पष्ट सांगितलेले बरे. बंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट क्लिनिक' चालते. अशा ठिकाणी मुख्य भर बोलण्यावर असतो. मोबाईल हातात घ्यावासा वाटतो तो कधी, त्याच्या आधी मनात काय चाललेले असते, त्या वेळी दुसरे काय करता येईल, हे मुलाकडूनच शोधून घेतात. उदासी किंवा धास्ती असेल तर तिच्यावर औषधोपचार करतात. आणि झोप परत आणतात. झोप परत आली की अर्धा राग तिथेच उतरतो.

घरात काय करावे? मोबाईल हिसकावून फोडू नये. आमच्या माहितीत तसे केलेल्या घरांत मुलगा घर सोडून गेला, नाहीतर कर्जाने दुसरा मोबाईल घेऊन आला. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट उपासकांना ठाऊक असेल. पाय रक्ताळेपर्यंत तो साधना करी आणि तरी मन स्थिर होईना. भगवंतांनी त्याला त्याच्या पूर्वीच्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर तुटते, सैल सोडली तर वाजत नाही. मुलाशी बोलताना ही तार सांभाळावी. रात्री अकरानंतर सगळ्यांचेच मोबाईल एका ठिकाणी चार्जिंगला, तेही झोपायच्या खोलीबाहेर, असा नियम केला तर तो बापालाही लागू हवा. बाप अंथरुणात व्हॉट्सॲप पाहत उपदेश करणार असेल तर कोण ऐकेल? एकाच खोलीचे घर असेल तर मोबाईल निदान आईच्या उशाशी ठेवावेत. आणि 'नोकरीचं काय झालं' हा प्रश्न रोज जेवताना विचारू नये, आठवड्यातून एकदा विचारला तरी पुरे.

सामुदायिक उपायाचे एक चांगले उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली ग्रामसभेत ठराव केला. संध्याकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजतो, की घरोघरचे टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, एकमेकांशी बोलायचे. सुरुवातीला लोक हसले. मग आशा, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातील बांशी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीच केली. बंदीपेक्षा वडगावचा मार्ग आम्हाला अधिक पटतो, कारण तो दीड तास मोठ्यांनाही लागू आहे. आमच्या प्रत्येक वस्तीत विहार आहे, विहारावर कर्णा आहे, संध्याकाळी वंदना होतेच. वंदनेनंतर तास-दीड तास विहारातच अभ्यासिका चालवायला कुणाच्या परवानगीची गरज आहे? चार ट्यूबलाइट, दहा सतरंज्या, वर्तमानपत्र आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तके लागतील. जयंतीच्या निमित्ताने आपल्याकडे सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. त्या दिवशी हीच पोरे मोबाईल पिशवीत टाकून बसतात आणि कुणाचे काही अडत नाही, हे आम्ही पाहिलेले आहे. डीजेच्या वर्गणीतून दहा टक्के बाजूला काढले तरी वर्षभराची अभ्यासिका चालेल. (यावर काही मंडळी आमच्यावर रागावतील, रागावोत.)

मात्र अभ्यासिका हा शाळकरी आणि अभ्यासू मुलांसाठीचा उपाय झाला. जो उदास आहे, झोपत नाही, जेवत नाही, मरणाची भाषा करतो, त्याला विहारात बसवून किंवा विपश्यनेच्या शिबिरात पाठवून घर मोकळे झाले असे समजू नये. त्याला डॉक्टरच लागतात. 'नुसती धमकी देतो' असे म्हणून दुर्लक्ष करू नये. त्याला एकटे सोडू नये, आणि 'तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?' हे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही, उलट बोलायला वाट मिळते.

टेलि-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा नंबर १४४१६. फोन फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येते. हा नंबर आजच घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये घालून ठेवावा.

चिकलठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे मिनी घाटीत, आरोग्य विभागाच्या इतर रुग्णालयांप्रमाणे ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. घाटीत मानसोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे, तिथे केसपेपरचे थोडे पैसे पडतात. केसपेपर काढतानाच मानसोपचार विभाग असे सांगावे, म्हणजे दोनदा रांगेत उभे राहावे लागत नाही. आधी कुठल्या गोळ्या, थेंब चालू असतील तर बाटल्या, पुड्या सोबत न्याव्यात. पुडीवर औषधाचे नाव नसेल तर देणाऱ्याकडून ते लिहून घ्यावे, तो तुमचा अधिकार आहे. डॉक्टरांनी सुरू केलेली मनाच्या आजाराची औषधे मात्र कुणाच्या सांगण्यावरून, किंवा चार दिवस बरे वाटले म्हणून, परस्पर बंद करू नयेत. मुलाबरोबर घरातले एक जाणते माणूस असावे. कामावरचा खाडा परवडत नसेल तर विहाराच्या मंडळातील एखाद्या कार्यकर्त्याला सांगावे, तो सोबत येईल.